वहिवाट

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरातलं लॅक्स्टन. १०८६ च्या डूम्सडे नोंदीतलं हे छोटं गाव. आम्ही तिथं जुना किल्ला पाहायला गेलो. उरली होती गवताळ टेकडी. खरा वारसा शिवारात सापडला. तीन मोठी, बिनकुंपणाची रानं आणि त्यांत शेतकऱ्यांचे लांबच लांब पट्टे. एक रान आळीपाळीनं पडीक ठेवायची रीत. हिवाळ्याच्या तोंडी गावचे पंच खुंट्या ठोकून हद्द तपासतात. सामाईक वाटेत नांगर घातला तर दंड.

गावाचा १६३५ चा नकाशा ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात जपलेला आहे. पण गाव टिकलं ते वहिवाटीमुळे. पिढ्यान्‌पिढ्या नांदूनही ज्यांच्याकडे कागद मागितला जातो, त्या आम्हाला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नाही.