आडवी बाटली

बाटली उभी असावी कीं आडवी, हा प्रश्न वाचकांस क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत त्यावर कित्येक संसारांचें भवितव्य ठरलें आहे. गांवांतील दारूचें दुकान बंद करण्यासाठीं स्त्रियांचें मतदान होतें, तेव्हां मतपत्रिकेवर एक उभी व एक आडवी बाटली छापलेली असते. स्त्री-मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक जणींनीं आडवीला कौल दिला कीं दुकानास कुलूप लागतें. गंमत अशी कीं, द्राक्षांच्या वाइनची बुचाची बाटलीही आडवीच ठेवावी लागते. फार दिवस उभी ठेवली तर बूच वाळतें, आंत हवा शिरते आणि वाइन बिघडते.

ही विद्या मला माझ्या भाच्यानें शिकविली. तो नाशिकला असतो. गेल्या दिवाळींत घोडेगांवीं आला तो दोन बाटल्या घेऊन. एक शेनिन ब्लाँ ही पांढरी, दुसरी शिराझ ही तांबडी. नारायणगांवास शामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फेसाळ वाइन काढली, नाशिकास सुलाची पहिली वाइन २००० सालीं निघाली. तरी या बाटल्या आमच्या ताटाशेजारीं परक्या पाहुण्यासारख्या अवघडून उभ्या राहतात, याचें त्याला वाईट वाटतें. "मामा, द्राक्षें आपलींच. मग त्यांचें आपल्याच जेवणाशीं कां जमूं नये?"

त्या रात्रीं पिठलें, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीनें फोडलेला कांदा असा बेत होता. घोडेगांवचा बाजार कांद्याचाच. तेव्हां त्याची वानवा नव्हती. तांबड्या वाइनचा तुरटपणा व मद्यांश ठेच्याला मिळाले आणि जीभ पेटली. थंड, किंचित् गोडसर पांढरीनें मात्र तीच आग शांत केली. शेवटीं करंजी आली, आणि मघांची गोडसर वाइन एकाएकीं आंबट लागूं लागली; गोडाबरोबर घ्यावयाची वाइन त्या गोडाहून गोड असावी लागते. युरोपांत पदार्थ एकामागून एक येतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा प्याला देतां येतो. आमच्या ताटांत मीठ, लिंबू, चटणी, भाजी, गोड हीं सारीं एकदमच येऊन बसतात. या सगळ्यांची समजूत एकट्या ताकानेंच घालावी.

हें सारें आमची आत्या समोर बसून पाहत होती. तिच्या सासरची तीन एकर जमीन हातभट्टीनें गिळलेली.

"शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळतो, आजी," भाचा म्हणाला.

"मिळूं दे रे बाबा," ती म्हणाली, "पण वास मला तोच येतो." आणि आपलें ताट उचलून ती स्वयंपाकघरांत गेली.

२०२२ च्या जानेवारींत मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास राज्य मंत्रिमंडळानें मान्यता दिली, तेव्हां सरकारनें भाच्याचेंच म्हणणें मांडलें होतें. आणि आमच्याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीहून उपोषणाचा इशारा देणाऱ्या अण्णा हजारे यांनीं आत्याचें. दोहोंपैकीं कोणालाही मी खोटें म्हणूं शकत नाहीं. हातभट्टी आणि शेनिन ब्लाँ एकच, असें जीभ म्हणणार नाहीं. पण ज्या घरानें जमीन गमावली त्याच्या नाकाला हा भेद शिकविण्याचा अधिकार मला कोठून? वाइनचा पदार्थाशीं मेळ कसा घालावा हें जाणकार सांगतात, पंगतीशीं कसा घालावा हें सांगत नाहींत. आमच्याकडे तर जेवण म्हणजे आधीं पंगत. म्हणून भाच्याची पांढरी वाइन पिठल्याशीं जमते हें मी मोकळेपणानें मान्य करतों, आणि आत्या पानावर असेपर्यंत ताकाचेंच भांडें पुढें ओढतों.