तांबट आळीतला ठोका

बालमित्रांनो, तांबट नावाचा पक्षी तुम्ही पाहिला आहे का? चिमणीहून जरासा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर लाल टिळा. उन्हाळ्यात वडा-पिंपळाच्या शेंड्यावर बसून तो दुपारभर 'टुक्... टुक्... टुक्' करत राहतो. शोधायला जावं तर दिसत नाही, पण आवाज काही थांबत नाही. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी ना, अगदी तसा! म्हणून तर त्याचं नाव तांबट.

ज्यांच्यावरून या पक्ष्याला नाव मिळालं, त्या माणसांच्या आळीत आज आपण जाऊ या. ही आळी पुण्यात कसबा पेठेत आहे. शनिवारवाडा पाहून झाला की तिथून पायीच जाता येतं. कुणाला विचारायची गरज पडू नये. पाटीवर नजर ठेवण्यापेक्षा कान उघडे ठेवा. 'ठण् ठण् ठण्' ऐकू आलं की समजा, तांबट आळी आली!

पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेले तांब्याचे कारागीर इथे वसले. त्वष्टा कासार हा त्यांचा समाज. हंडे, कळश्या, घंगाळं, पाणी तापवायचे बंब असं सगळं इथे हातांनी घडत आलं. लहान लहान खोल्या, कोपऱ्यात भट्टी, भिंतीला टेकवलेले तांब्याचे पत्रे आणि जमिनीवर बसून काम करणारी माणसं, असं इथलं दृश्य असतं.

माझ्या चौथीच्या वर्गाला घेऊन मी इथे गेले होते. एक आजोबा घंगाळ ठोकत होते. जमिनीत घट्ट रोवलेल्या लोखंडी ठोकळ्यावर भांडं फिरवायचं आणि वरून हातोडी मारायची. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या अगदी शेजारी! बघता बघता घंगाळावर चमकदार टिकल्यांच्या ओळी उमटल्या. याला 'मठारकाम' म्हणतात. आमच्यातल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, इतकं ठोकूनही ते फाटत कसं नाही हो?"

"काय म्हणालीस, बाळ? जरा मोठ्यांदा बोल," आजोबा म्हणाले. जन्मभर त्या आवाजात बसून त्यांना ऐकू कमी येत होतं. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "तांबं ऐकतं आपलं. बिडाला असा ठोका घाल, तडकून जाईल."

मुलांनो, आजोबा म्हणाले ते शास्त्रानेही खरं आहे. तांब्याचे कण थरांसारखे एकमेकांवरून सरकू शकतात. म्हणून तांबं ठोकलं तर तुटत नाही, पसरतं. याच गुणामुळे त्याचा पत्रा होतो आणि तारही ओढता येते. मात्र ठोकून ठोकून ते ताठर होतं. मग कारागीर त्याला भट्टीत लाल करतो आणि ते पुन्हा मऊ पडतं. गंमत म्हणजे पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर कडक होतं, तांबं मात्र तसं केलं तरी मऊच राहतं! शेवटचं मठारकाम झाल्यावर भांडं परत तापवत नाहीत. म्हणजे त्या टिकल्या नुसत्या शोभेच्या नाहीत, त्यांनीच भांड्याला बळकटी येते.

आता आजोबांच्या हातातली हातोडी पाहा. ती लोखंडी का? लोखंड तांब्याहून कठीण. तांब्याच्या हातोडीने तांबं ठोकलं असतं, तर भांड्याबरोबर हातोडीही चेपली असती. पण लोखंडाची खोड तुम्हाला ठाऊक आहेच. ओलं राहिलं की गंजतं. म्हणून पाण्याचा हंडा लोखंडाचा करत नाहीत.

उष्णता वाहून नेण्यात तांबं फार पटाईत. स्टेनलेस स्टीलपेक्षा ते सुमारे २५ पट चांगलं! म्हणून तर बंब तांब्याचे. मधल्या नळीतल्या निखाऱ्यांची धग लगेच भोवतालच्या पाण्यात उतरते. स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वरचाच भाग फार तापतो आणि दूध तळाला लागतं. म्हणून काही स्टीलच्या पातेल्यांना तांब्याचा तळ लावतात.

मग सगळीच भांडी तांब्याची का नाहीत? थांबा, तांब्याचंही एक दुखणं आहे. आंबट पदार्थाशी त्याचं पटत नाही. तांब्याच्या किंवा पितळेच्या उघड्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. म्हणजे तांबं त्यात उतरतं आणि ते पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात. पितळेतही तांबंच असतं ना, जस्त मिसळलेलं!

यावर उपाय कल्हई. कथील हा धातू २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतो, तर तांब्याला वितळायला १०८५ अंश लागतात. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकून ते स्वच्छ करतो, त्यावर कथील टेकवतो आणि कापसाने भराभर फिरवतो. क्षणात आतून चांदीसारखं! कथील वितळतं, भांड्याला काहीच होत नाही. पण हा थर झिजतो, पुन्हा पुन्हा लावावा लागतो.

इथेच स्टीलने बाजी मारली. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर तयार होतो आणि तो ओरखडला तरी आपोआप भरून येतो. गंज नाही, कळकणं नाही, कल्हईचा खर्च नाही. यंत्राने भराभर भांडी निघू लागली. घरोघरचे हंडे माळ्यावर गेले आणि आळीतले ठोके कमी झाले.

आजोबांना विचारलं, "आता कोण घेतं हे?" ते म्हणाले, "लोक दिवे, शोभेची भांडी घेतात. बंब कुणाला हवाय? पण हात चालतोय तोवर ठोकायचं." त्यांच्या शेजारच्या खोलीला मात्र कुलूप होतं.

पण तांबं कामावरून निघालेलं नाही बरं का! आळीतून बाहेर पडलात की घरांकडे पाहा. भिंतींच्या आतल्या विजेच्या तारा बहुतेक तांब्याच्या असतात. गावाबाहेरच्या उंच मनोऱ्यांवर मात्र अ‍ॅल्युमिनियम. ते इतकं हलकं, की तेवढीच वीज नेणारी तार तांब्याच्या निम्म्या वजनात होते. पण ते ताणाला कच्चं, म्हणून मधे पोलादाच्या तारा घालतात. एकाचं उणं दुसरा भरून काढतो!

आता घरी करून पाहा, आईबाबांना सोबत घेऊन. स्टीलचा, पितळेचा आणि लाकडी असे तीन चमचे गरम पाण्यात उभे करा. प्रत्येकाच्या टोकाला थिजलेल्या तुपाचा कण लावा. आधी कोणता विरघळतो? मग चिंचेच्या कोळाने काळवंडलेला तांब्या घासा. जी चिंच तांब्या उजळवते, तीच आमटीतून तांबंही पोटात नेऊ शकते. म्हणून माळ्यावरचं जुनं पातेलं स्वयंपाकाला काढणार असाल, तर आधी कल्हई करून घ्या.

आणि पुण्याला गेलात की या आळीत जरूर डोकावा. कारागिरांना हातातलं काम संपवू द्या, मग प्रश्न विचारा. फक्त जरा मोठ्यांदा!