पहिली डर्ट बाईक घेण्याआधी: पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात अठरा-वीस वर्षांचं पोरगं किंवा पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीपासून माझ्या इनबॉक्समध्ये पाणीपट्टी आणि खड्ड्यांच्या खालोखाल एकच प्रश्न येतोय. "सर, पहिली डर्ट बाईक कोणती घेऊ?" विचारणारे सगळे आपल्याच तालुक्यातले. कुणी आयटीआयला आहे, कुणी मोबाईलच्या दुकानात, कुणी बापाच्या दुधाच्या धंद्यात. रील बघितली, गाडी हवेत उडाली, मागे धुरळा उठला, आणि पोरगं कर्जाच्या हप्त्याचं गणित मांडायला बसलं.

मी रेसर नाही. वीसेक वर्षं बातमीदारी करतोय आणि त्यातली निम्मी कच्च्या रस्त्यावर गेली. पावसाळ्यात वाड्यावस्त्यांवर जाताना शंभर सीसीच्या गाडीवर चिखल, मुरूम, ओढा सगळं पार केलंय. आणि ग्रामीण रुग्णालयाच्या दारात उभं राहून "दुचाकी घसरून युवक जखमी" ही बातमी किती वेळा लिहिली त्याची मोजदाद नाही. त्या दोन गोष्टींच्या जोरावर आज लिहितोय.

आधी एक सांगतो. या पोरांना मी वेड्यात काढणार नाही. बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. २०१९ मध्ये ऐश्वर्या पिस्सेने बाहा वर्ल्ड कपमध्ये महिलांचं विजेतेपद आणलं. केरळातल्या शोरनूरचा हारिथ नोआ २०२४ च्या डाकारमध्ये रॅली-२ गटात पहिला आला. आपल्याकडे पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे मातीवरच्या शर्यतींना कितीतरी वर्षं गर्दी होते. म्हणजे हा खेळ आहे, टवाळखोरी नाही. त्यामुळे कोण काय म्हणतंय ते सोडा आणि गाडी नीट निवडा.

तर पहिला मुद्दा. "डर्ट बाईक" या एका नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात.

एक, पासिंग होणारी. हिरो एक्सपल्स हे आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं नाव. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली तेव्हा सुरुवातीची किंमत लाखाच्या आत होती. २०२५ च्या जानेवारीत एक्सपल्स २१० पावणेदोन लाखांच्या आसपास एक्स-शोरूम आली. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, तारांचं. हेडलाईट, इंडिकेटर, नंबर प्लेट, विमा सगळं रीतसर. सोमवार ते शनिवार कामाला, रविवारी मातीत.

दोन, निव्वळ ट्रॅकची. कावासाकीची केएक्स मालिका घ्या. हिला हेडलाईट नाही, इंडिकेटर नाही, आरसा नाही. आरटीओत नोंदणी होत नाही. म्हणजे ट्रॅकपर्यंत छोटा हत्तीत घालून न्यायची आणि तशीच परत आणायची. सर्व्हिस किलोमीटरवर नाही, इंजिन किती तास चाललं त्यावर. पिस्टनसुद्धा तासांच्या हिशेबाने बदलावा लागतो. त्यातली साडेचारशे सीसीची गाडी वजनाला साधारण स्प्लेंडरइतकीच असते, पण ताकद सुमारे सहापट. नवशिक्याच्या हाताखाली क्लच जरा झटक्यात सुटला की गाडी पुढे आणि माणूस मागे.

आता इन्स्टावर जे "पेपर नाही, फक्त ट्रॅक यूज, लगेच विकणे" असं दिसतं ना, ती ही दुसरी जात. किंवा त्याहून वाईट, कुठली तरी जुनी गाडी चिरून, सायलेन्सर काढून, टायर बदलून केलेली "डर्ट". स्वस्त मिळते म्हणून पोरं धावतात. आणि चालवतात कुठे? आपल्या कालव्याच्या रस्त्यावर.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कालव्याचा रस्ता कच्चा असला तरी लोकांचा राबता आहे, म्हणजे ते सार्वजनिक ठिकाणच. नोंदणी नाही तर थर्ड पार्टी विमा नाही. विमा नाही याचा अर्थ काय, तो घरातल्या मोठ्यांनी नीट समजून घ्या.

काही वर्षांपूर्वी मी शेजारच्या तालुक्यातली एक बातमी केली होती. पोरगा अशाच चिरलेल्या गाडीवर होता. वैरणीचा भारा घेऊन कडेने चाललेल्या म्हाताऱ्या माणसाला धडक बसली. म्हातारा गेला. पोराला खरचटलं फक्त. पुढे अपघात दाव्यात भरपाई देणारी विमा कंपनीच नव्हती, कारण विमाच नव्हता. भरपाई घरावर आली. बापाने विहिरीलगतचं एक एकर विकलं. मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो तेव्हा ते पोराला एक शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, "गाडी चाळीस हजाराला घेतली होती." एवढंच. पुढचा हिशेब मी मनात केला.

आणि पोरगं अठराच्या आतलं असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ वाचा. पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

आता निवड कशी करायची ते.

पाय टेकतात का बघा. स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, वजन ११२ किलो. एक्सपल्स २१० ची सीट ८३० मिलिमीटर, वजन १६८ किलो. म्हणजे सीट पावणेदोन इंच उंच आणि वर सिमेंटची एक गोणी जास्त. डांबरी रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. उतारावर, मुरमात, गाडी एका बाजूला कलली की जाणवतो. शोरूममध्ये बूट घालून बसा. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकले पाहिजेत.

उचलता येते का बघा. मातीत गाडी पडणारच. एकट्याने उभी करता येत नसेल तर ती गाडी आज तुमची नाही. ओळखीच्या कुणाची तशीच गाडी मऊ जमिनीवर आडवी ठेवून एकदा उचलून बघा. दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल.

सीसीच्या मागे लागू नका. शिकायला शंभर ते सव्वादोनशे सीसी भरपूर झाले. फूटरेस्टवर उभं राहून चालवणं, क्लच अर्धा धरून हळू जाणं, मागचा ब्रेक जपून वापरणं, हे कमी ताकदीच्या गाडीवर लवकर येतं. जास्त ताकदीच्या गाडीवर माणूस शिकत नाही, नुसता हँडल धरून लोंबकळतो.

पार्ट कुठे मिळतो ते विचारा. पडल्यावर पहिले तुटतात ते क्लचचा लिव्हर, ब्रेकचा लिव्हर आणि इंडिकेटर. आपल्या स्टँडामागच्या मेस्त्रीला ती गाडी खोलता येते का, की प्रत्येक वेळी पुण्याला पळायचं?

जुनी घेणार असाल तर पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळतंय का, तारा ढिल्या आहेत का, चेन-स्प्रॉकेटचे दात झिजलेत का ते बघा. चॅसिस नंबर आरसीशी ताडून बघा. फायनान्सचा बोजा उतरलाय का, एनओसी आहे का, हे पैसे देण्याआधी. दिल्यावर नाही.

आणि सगळे पैसे गाडीत घालू नका. साधारण पाचातला एक भाग बाजूला ठेवा. आयएसआय हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड, छातीचं कवच, हातमोजे. रीलमध्ये हे सगळं अंगावर असतं. आपली पोरं मात्र चपलेवर असतात.

आता आमच्या गल्लीतलं सांगतो. शेजारचा पोरगा, एकोणीस वर्षांचा, पॉलिटेक्निकला. बाप रिक्षा चालवतो. पोराने सुट्टीत कॅटरिंगमध्ये वाढप्याचं काम करून सत्तर हजार जमवले आणि अशीच एक बिनकागदाची गाडी ठरवली. टोकन द्यायच्या आदल्या दिवशी त्याची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्याला नको म्हणा. तुमचं ऐकतो तो." मी म्हटलं, "वहिनी, नको नाही म्हणणार. कोणती ते सांगेन."

पोराला बसवलं आणि ती ओसरीवरची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पण पेपरवाली घेतली तरी मी चालवू कुठे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मंडळी, ही सगळी पोस्ट त्या प्रश्नासाठी लिहिलीय.

शेवटी त्याने जुनी एक्सपल्स घेतली, कागद स्वच्छ, बोजा उतरवलेला. वीस हजार कमी पडले ते बापाने घातले. बूट आणि गुडघ्याचे गार्ड माझ्यासमोर घेतले. पण चालवायला जागा नाही ती नाहीच. कालव्यावर पहाटे बायाबापड्या फिरायला येतात. टेकडी वनखात्याची. गावाबाहेरच्या माळावर उन्हाळ्यात टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि मेंढपाळांचे वाडे बसतात, तिथे गाड्या घुमवणं बरं नाही. नदीपात्राचं तर नावच काढू नका.

आपल्याकडे यावर उपाय एकच ठरलेला. नाकाबंदी लावायची, सायलेन्सर जमा करायचे, रोडरोलरखाली चिरडायचे आणि फोटो काढायचा. ते फोटो मीही छापलेत. कर्णकर्कश सायलेन्सरवर कारवाई झालीच पाहिजे. पण रोलर फिरल्यावर पुढच्या महिन्यात तीच पोरं, तोच कालवा.

म्हणून जाहीर मागणी करतो. क्रिकेटला आपण मैदान दिलं, कुस्तीला तालीम दिली. गावाबाहेर नगरपरिषदेची जी जागा नुसती काटेरी बाभळी आणि कचरा घेऊन पडलीय, त्यातली दोन-तीन एकर मुरमाड जमीन मातीच्या ट्रॅकला द्या. जेसीबीचं दोन दिवसांचं काम आहे. चार उंचवटे, चार वळणं, कडेला जुन्या टायरची भिंत आणि तारेचं कुंपण. रविवारी सकाळी दोन-तीन तास खुला. हेल्मेट-बूट नाही तर प्रवेश नाही. लायसन्स तपासायचं, अठराच्या आतल्याला पालकाची लेखी संमती आणि शिकवणारा माणूस सोबत. प्रथमोपचाराची पेटी आणि एक गाडी उभी. मोटरस्पोर्टची देशातली मान्यताप्राप्त संस्था एफएमएससीआय आहे, तिच्याशी जोडलेल्या क्लबांकडून नियम आणि प्रशिक्षक मागवता येतील. आवाजाचा त्रास नको म्हणून वस्तीपासून लांब आणि शाळा-दवाखान्यापासून तर लांबच.

"पैसा कुठून?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, गेल्या पाच वर्षांत आपल्या गावात किती स्वागत कमानी झाल्या ते मोजा.

हा विषय मी येत्या आठवड्यात लेखी निवेदन म्हणून मुख्याधिकाऱ्यांकडे आणि तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडे देणार आहे. सही करायला कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा. पोरांनी या, पण आईबापांनी जास्त या, कारण तुमच्या सहीला तिथे वजन आहे. त्या जागेबद्दल कुणाची हरकत असेल तर तीही मोकळेपणाने लिहा, तिथे कुणाची गुरं चरत असतील तर ते आधी कळलं पाहिजे.

आणि ज्यांनी इनबॉक्समध्ये विचारलं होतं त्या सगळ्यांना उत्तर: कागद असलेली, पाय टेकणारी, एकट्याने उचलता येणारी घ्या. ट्रॅकचं बघतोय. तोवर कालव्यावर नको.