यादीत नाव कुणाचं?

नागपूर

चि. बाळ,


तुझं पत्र परवा आलं. वहिनीच्या गुडघ्याचं वाचलं, सोयाबीनचं वाचलं, आणि मग सभासदत्वासाठी अर्ज केलेल्या त्या मुलीबद्दलची ती ओळ आली : उपासनेला येऊ दे तिला, पण सभासद केलं तर चार मोठी घरं वर्गणी बंद करतील. अरे, हे तू लिहिलंस? नाताळात तिचं गाणं ऐकून डोळे पुसणारा तूच ना? तेव्हा ती मुलगा म्हणून गायची, एवढाच फरक.

अमेरिकेत मेथडिस्टांनी काय ठरवलं, एवढंच तू विचारलंस. युनायटेड मेथडिस्ट चर्चने 1972 मध्ये समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे असं लिहून ठेवलं आणि मे 2024 मध्ये शार्लटच्या परिषदेत ते वाक्य काढून टाकलं. मधल्या भांडणात साडेसात हजारांवर मंडळ्या बाहेर पडल्या, तिथल्या जवळजवळ पाव. म्हणजे तुझी भीती अगदीच पोकळ नाही. पण आमची मेथडिस्ट चर्च इन इंडिया 1981 पासून स्वायत्त आहे, शार्लटचा ठराव नागपूरलाच लागत नाही. तुम्ही तर नाझरीन चर्चचे. तुमचं वाशिमचं मिशन मुळात मेथडिस्टांचं असलं तरी ते ऑर्फा स्पायशर बाईंनी 1938 मध्ये दवाखाना काढला त्याच्याही आधीचं. तेव्हा अमेरिकेच्या आड लपू नकोस.

मला खरी भीती वाटते ती तुमच्या समितीची. व्हर्जिनियातल्या एका पाळकाने एका समलिंगी माणसाला सभासद करून घेतलं नाही, आणि 2005 मध्ये अमेरिकेतल्या त्याच मेथडिस्ट चर्चच्या न्यायमंडळाने पाळकाचीच बाजू घेतली. कोण तयार आहे नि कोण नाही, हे म्हणे पाळकाने ठरवायचं. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या वेस्लींनी तर 1743 च्या नियमांत मंडळात येणाऱ्याला एकच अट घातली होती, येणाऱ्या क्रोधापासून सुटण्याची इच्छा. चांगली चाल पुढे दिसावी असं ते म्हणत, पण दारात ती मागत नसत. त्याच्याही आधी, 1732 मध्ये, ऑक्सफर्डच्या बोकार्डो तुरुंगात पुरुषसंगाच्या आरोपाखाली एक माणूस होता. वेस्ली आणि त्यांचे सोबती त्याला भेटायला जात, त्याच्या खटल्यात मदत करत. गावात बोलणी बसली, तरी जात राहिले. हे तुमच्या संडेस्कूलमध्ये कुणी शिकवत नाही.

तुला समलिंगी आचरण पाप वाटतं, मला तसं वाटत नाही. त्यावर आपण भांडू, तू नागपूरला आलास की. पण सभासदांची यादी म्हणजे निकालपत्र आहे का? तुमच्या यादीत हुंडा घेतलेले आहेत, व्याजाने पैसे फिरवणारे आहेत. त्यांचं आचरण कुठल्या बैठकीत निघालं? आणि संवत छप्पनच्या दुष्काळात पणजोबांना मिशनच्या अनाथालयात आणलं, तेव्हा कुणाचं पोर, कुठल्या जातीचं, हे विचारून भाकरी दिली असती तर आज तू समितीवर बसला नसतास. राग येऊ देऊ नकोस, पण हे मी बोलणारच.

कलेक्टर कचेरीत ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्याने तिला ओळखपत्र मिळू शकतं. सरकारच्या दप्तरात ती बसते, आपल्या रजिस्टरात बसत नाही! प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय तूच बैठकीत वाच. रथातल्या त्या षंढाने पाणी दिसताच विचारलं की आता बाप्तिस्म्याला आडकाठी काय. फिलिप्पाने समिती बोलावली नाही, खाली उतरला. राष्ट्रीय चर्च परिषद इथेच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. तिथे या विषयावर बरीच वर्षं काम चाललंय. काही वाचायला हवं असेल तर मी जाऊन घेऊन येते, रिक्षाचे पैसे तू दे.

पण बाळ, ठरावाचं राहू दे बाजूला. ती राहते कुठे सध्या? तू लिहिलं नाहीस. अकोल्याहून परत आली म्हणजे तिकडे काही झालं असणार. घरात जेवायला वाढतात का? तिच्या थोरल्या भावाचा हात लगेच उठतो, हे मला माहीत आहे. बैठकीची बातमी त्याला आधी कळली तर? वहिनीला सांग, आजच तिच्या आईकडे जाऊन ये, गुडघा दुखत असला तरी. तुझ्या मोटारसायकलवर ने. आणि अर्ज फेटाळायचाच असेल तर तिला ते चारचौघांत सांगू नका. तू स्वतः जा, आणि मला त्याच रात्री फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझी
आत्या