लहान गांवचें पोस्ट

वास्तुकलेच्या इतिहासाचे ग्रंथ चाळले तर त्यांत मंदिरें सांपडतात, राजवाडे सांपडतात, थडगीं तर हटकून सांपडतात. परंतु टपालकचेरीला त्यांत सहसा जागा मिळत नाहीं. एका परीनें हें साहजिकच आहे. देव, राजा आणि मृत यांचा भव्यतेवरचा हक्क सर्व जगानें पूर्वींपासून मान्य केलेला आहे. तिकीट विकत घ्यावयास आलेल्या माणसालाही तसा कांहीं हक्क असूं शकेल, ही कल्पना फारच थोड्या राज्यकर्त्यांच्या मनांत आली. ज्यांच्या मनांत ती आली त्यांत १९३३ नंतरच्या अमेरिकन सरकारची गणना केली पाहिजे. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, ही कल्पना त्या सरकारला वैभवाच्या काळांत न सुचतां दैन्याच्या काळांत सुचली.

१९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत त्या श्रीमंत देशाची जी दुर्दशा झाली ती सर्वश्रुत आहे. ४ मार्च १९३३ रोजीं फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हां दर चार कामकऱ्यांपैकीं सुमारें एक बेकार होता आणि बँकांचे दरवाजे देशभर बंद झाले होते. लोकांना काम द्यावयाचें, तर तें कोणतें द्यावें? रस्ते, पूल, धरणें हीं ओघानेंच आलीं. त्यांच्या जोडीला टपालकचेऱ्या बांधण्याचें कामही नेटानें सुरू झालें. सरकारी इमारती बांधून मंदीवर उतारा शोधण्याचा उपक्रम हूव्हर यांच्याच कारकीर्दींत सुरू झाला होता, हें न्यायाला धरून सांगितलें पाहिजे; परंतु त्याला खरा वेग आला तो रूझवेल्ट यांच्या वेळीं. त्या दशकांत बांधलेल्या टपालकचेऱ्यांची संख्या अकराशेंच्या वर जाते.

या आकड्यापेक्षांही त्या कोठें बांधल्या गेल्या हें अधिक महत्त्वाचें आहे. १९१३ च्या कायद्यानें असा दंडक घातला होता कीं, ज्या पोस्टाचें वार्षिक उत्पन्न दहा हजार डॉलर नसेल तेथें सरकारनें स्वतःची इमारत बांधूं नये. त्यामुळें कित्येक लहान गांवांचें पोस्ट एखाद्या वाण्याच्या दुकानाच्या कोपऱ्यांत किंवा भाड्याच्या गाळ्यांत नांदत असे. मंदी मात्र मोठ्या शहरांपुरती नव्हती. म्हणून कामही कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पोंचविणें प्राप्त झालें, आणि ज्या गांवांनीं राजधानीकडून कराच्या नोटिशीपलीकडे कधीं कशाची अपेक्षा केली नव्हती त्यांच्या मुख्य रस्त्यावर सरकारची कोनशिला बसली.

या कचेऱ्या दिसावयास कशा होत्या? ज्यानें एक पाहिली त्यानें पुष्कळ पाहिल्या, असें म्हटलें तरी चालेल. उंच जोत्यावर विटांची एकमजली इमारत. समोर चार-सहा पायऱ्या. बरोबर मध्यावर दार आणि दाराच्या दोहों बाजूंस सारख्या अंतरावर उंच खिडक्या. कोठें कोठें माथ्यावर लहानसा मनोरा. आंत गुळगुळीत फरशी, भिंतीच्या खालच्या भागाला संगमरवराचे तक्ते, आणि एका बाजूला गांवकऱ्यांच्या टपालासाठीं क्रमांक घातलेल्या पितळी पेट्यांची रांग. टपाल जेथें निवडलें जाई त्या दालनावर निरीक्षकासाठीं एक बंदिस्त सज्जा असे. त्याच्या फटींतून तो नोकरांना न दिसतां त्यांच्या हातांकडे पाहूं शके. जनतेवर एवढा विश्वास टाकणाऱ्या सरकारनेंही आपल्या नोकरांवर नजर ठेवण्याची तजवीज सोडली नव्हती!

हे नकाशे वॉशिंग्टन येथें अर्थखात्याच्या शिल्पकचेरींत तयार होत. तिचे प्रमुख लुइ सायमन. कोनशिलेवर अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथो व पोस्टमास्तर-जनरल जेम्स फार्ली यांच्या नांवांबरोबर यांचेंही नांव आढळतें. थोडक्या वेळांत शेंकडों इमारती उभारावयाच्या असल्यामुळें ठराविक नकाशे तयार ठेवून तेच थोड्या फेरफारानें गांवोगांव वापरले जात. स्वतः अध्यक्षांनाही या कामाची हौस होती. त्यांच्या हडसन नदीकांठच्या मुलखांत ऱ्हाइनबेक येथील कचेरी एका जुन्या डच घराच्या धर्तीवर बांधावी, असा त्यांनीं आग्रह धरला आणि १९३९ सालीं तेथील समारंभास ते जातीनें हजर राहिले. परंतु असें भाग्य फार थोड्या गांवांचें. बाकीच्यांच्या कपाळीं साचाच होता.

साच्याला नांवें ठेवण्याचें मात्र कारण नाहीं. आपल्याकडे गणपतीची मूर्ति साच्यांतूनच निघते. परंतु ती घरीं आणून तिची प्राणप्रतिष्ठा झाली म्हणजे तो त्या घरचा गणपति होतो. या टपालकचेऱ्यांची प्राणप्रतिष्ठा त्यांतील चित्रांनीं केली.

त्या चित्रांची हकीकत अशी. १९३३ च्या मे महिन्यांत जॉर्ज बिडल या चित्रकारानें आपले शाळेंतील जुने सोबती रूझवेल्ट यांना पत्र लिहून मेक्सिकोच्या सरकारानें चित्रकारांकडून सार्वजनिक भिंती कशा रंगवून घेतल्या याकडे त्यांचें लक्ष वेधलें. पुढें १९३४ च्या ऑक्टोबरांत अर्थखात्यांत चित्रकला व शिल्पकला यांचा एक स्वतंत्र विभाग निघाला आणि एडवर्ड ब्रूस त्याचे प्रमुख झाले. इमारतीच्या खर्चापैकीं शेंकडा एक इतकी रक्कम तिच्या सजावटीसाठीं राखावी, असें साधारण धोरण होतें. या विभागाच्या कार्याची आणि बेकारांना काम देणाऱ्या संस्थांच्या कार्याची आजही पुष्कळदां गल्लत केली जाते. वास्तविक येथें चित्रकाराची गरज पाहिली जात नसे, गुण पाहिला जाई. स्पर्धेत आलेलीं रेखाटनें चित्रकाराचें नांव झांकून तपासलीं जात. त्यामुळें नामांकित आणि अनोळखी एकाच पंक्तीला बसत. १९४३ मध्यें युद्धाच्या धामधुमींत हा विभाग बंद झाला, तोंवर हजारांहून अधिक गांवांना त्यानें चित्र किंवा शिल्प दिलें होतें. चित्राची जागा बहुधा ठरलेली असे: दालनाच्या टोंकाला, पोस्टमास्तरच्या खोलीच्या दारावर.

आणि तें पाहणार कोण? लहान गांवांत घरपोंच टपाल नसे. ज्यानें त्यानें यावें, आपली पेटी उघडावी, तीन सेंटांचें तिकीट घ्यावें आणि दारांत भेटलेल्या माणसाशीं पावसापाण्याच्या चार गोष्टी कराव्या. १९११ पासून पोस्टांत गोरगरिबांच्या ठेवी घेतल्या जात. १९३६ च्या नोव्हेंबरांत वृद्धापकाळच्या निर्वाहवेतनाची नवी योजना सुरू झाली, तेव्हां कामकऱ्यांना तिचे अर्ज पोस्टाकडूनच मिळाले आणि हजारांहून अधिक टपालकचेऱ्यांत त्यांचे क्रमांक टंकयंत्रावर उमटले. म्हणजे म्हातारपणीं सरकार आपल्याला विसरणार नाहीं हें आश्वासन ज्या खिडकींतून मिळालें, तिच्याच शेजारच्या भिंतीवर तें चित्र होतें.

चित्रांत काय होतें तें पाहिलें म्हणजे मात्र मनुष्य विचारांत पडतो. आयोवा संस्थानांत एम्स येथें लॉवेल हाउझर यानें १९३८ सालीं मक्याची कुळकथा रंगविली. एका अंगाला प्राचीन माया लोकांचा शेतकरी, दुसऱ्या अंगाला आयोवाचा. त्याच संस्थानांत कॉर्निंग येथें मॅरियन गिलमोर हिनें गांवचा बँड आणि तो ऐकावयास जमलेली मंडळी दाखविलीं. कॅन्ससमध्यें सेनेका येथें जो जोन्स या जहाल डाव्या मतांच्या चित्रकारानें गव्हाच्या सुगींतले कामकरी रंगविले. सारीं चित्रें सुगीचीं, समारंभाचीं, पूर्वजांच्या पराक्रमाचीं. ज्या दशकांत शहरांतून भाकरीसाठीं रांगा लागल्या आणि धुळीच्या वादळांनीं पश्चिम कॅन्ससची शेतेंच्या शेतें उडवून नेलीं, त्या दशकाचें दुःख या भिंतींवर जवळजवळ नाहींच. टीकाकार म्हणतात, हा सरकारनें घातलेला गोड पडदा होता. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. दक्षिणेकडील कांहीं चित्रांत कापसाच्या शेतांत काळा मजूर वांकलेला आणि गोरा मालक ताठ उभा आहे. तें पाहून आज मन अस्वस्थ होतें, आणि अलीकडे टपालखात्यानें अशीं कांहीं चित्रें झांकूनही ठेवलीं. तरी मला वाटतें, उपाशी माणसाला त्याचीच उपासमार रंगवून दाखविण्यापेक्षां त्याच्या जमिनींत काय पिकूं शकतें याची आठवण देण्यांत केवळ लबाडी नव्हती, थोडें धैर्यही होतें.

कांहीं वर्षांपूर्वी त्या देशाच्या मध्यभागांत प्रवास करतांना अशा एका पोस्टांत जाण्याचा मला योग आला. भिंतीवर नांगरणीचें चित्र होतें. मी तें पाहत उभा आहें असें पाहून एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि कांहीं प्रस्तावना न करतां म्हणाले, “त्या घोड्यांचा साज चुकला आहे. असा कोणी बांधीत नाहीं.” मग पट्टा कोठून कोठें जावयास हवा होता, हें त्यांनीं मला सविस्तर समजावून दिलें. त्यांच्या वडिलांनींही हेंच दाखवून दिलें होतें म्हणे. दोन पिढ्यांच्या या तक्रारींत रागाचा लवलेश नव्हता. होता तो घरच्या वस्तूविषयींचा अधिकार. संग्रहालयांतील चित्रासमोर आपण आवाज खालीं आणतों. येथें हा शेतकरी चित्रकाराची चूक काढीत होता, कारण चित्र त्याच्या गांवचें होतें.

ही मालकी नेहमींच इतकी निरुपद्रवी ठरली असें नाहीं. १९३९ सालीं अठ्ठेचाळीस संस्थानांतील प्रत्येकीं एका टपालकचेरीसाठीं मोठी स्पर्धा झाली आणि तींतील निवडलेलीं रेखाटनें ‘लाइफ’ साप्ताहिकांत झळकलीं. आयडाहो संस्थानांतील केलॉग या खाणींच्या गांवासाठीं फ्लेचर मार्टिन याचें चित्र निवडलें गेलें. खाणींत जखमी झालेल्या सोबत्याला त्याचे साथीदार बाहेर आणीत आहेत, असा त्याचा विषय. खाणमजुरांना तें आवडलें. खाणचालकांच्या बाजूनें मात्र हरकत आली. शेवटीं विभागानें माघार घेतली आणि १९४१ सालीं तेथें मार्टिनचेंच दुसरें चित्र लागलें: गांवचा मूळपुरुष नोआ केलॉग याला खाण सांपडल्याच्या आनंदाचें. त्या शोधाचें श्रेय दंतकथेप्रमाणें त्याच्या गाढवाकडे जातें. जखमी मजुराला भिंतीवर जागा मिळाली नाहीं. ती गाढवाच्या कथेला मिळाली! गांवच्या भिंतीवर कोणाचें जीवन दिसावें, हा प्रश्न रंगाचा नसून सत्तेचा आहे, हें केलॉगच्या मजुरांना कोणत्याही समीक्षकाच्या आधीं कळलें असेल. परंतु हा वाद होऊं शकला, तोच मुळीं भिंत सर्वांची होती म्हणून. भाड्याच्या दुकानाच्या भिंतीसाठीं कोण भांडणार?

भुकेल्याला भाकरी द्यावी, चित्र कशाला, हा आक्षेप तेव्हांही घेतला गेला आणि आजही घेतला जाईल. आपल्याकडे दुष्काळी काम म्हटलें कीं डोळ्यांपुढें खडी फोडणारीं माणसें येतात. १९७२ च्या दुष्काळांत आणि पुढें रोजगार हमी योजनेखालीं महाराष्ट्रांत ज्या असंख्य हातांना काम मिळालें, त्यांनीं केलेले रस्ते आणि पाझर तलाव यांचें मोल मी कमी लेखीत नाहीं. परंतु मजुरीची भाकरी त्याच सांजेला संपते; उरतें तें काम. तें काम उरण्याच्या योग्यतेचें असावें, इतकेंच नव्हे तर पुढें त्याचा उपयोग करणाऱ्याला त्यांत आपला मान राखलेला दिसावा, ही दृष्टि मला त्या टपालकचेऱ्यांत दिसते. गवंड्याला मजुरी मिळाली, चित्रकाराला मोबदला मिळाला, आणि तीन सेंट देणाऱ्याला संगमरवर मिळाला.

१९७१ पासून अमेरिकेचें टपालखातें स्वतःच्या मिळकतीवर चालण्याचा प्रयत्न करणारी संस्था झालें आहे, आणि पत्रें लिहिण्याची संवय तर जगभरच ओसरत चालली आहे. मोठें दालन, थोडें टपाल आणि वाढता तोटा असा हिशेब पुढें आला, तेव्हां या जुन्या इमारती विक्रीस निघूं लागल्या. २०१२ सालीं तेथील ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय न्यासानें धोक्यांत आलेल्या अकरा ठिकाणांच्या यादींत टपालकचेऱ्यांचा समावेश केला. तोटा खरा आहे. तो नाकारून केवळ हळहळ व्यक्त करण्यानें कांहीं साधत नाहीं. पुष्कळशीं चित्रें कॅन्व्हासवर रंगवून भिंतीला चिकटविलेलीं असल्यामुळें तीं सोडवून दुसरीकडे नेतां येतात, आणि इमारत विकली तरी चित्रावरचा हक्क सरकार राखून ठेवूं शकतें. अशा रीतीनें विटा वांचतील, रंगही वांचतील.

म्हणून मी कसोटी लावतों ती वेगळी. ज्या गांवीं जुन्या पोस्टाचें वाचनालय झालें किंवा नगरसभेची कचेरी झाली, तेथें मला दुःख करण्याचें कारण दिसत नाहीं. कारण तेथें अजूनही कोणीही पायऱ्या चढून आंत जाऊं शकतो. जेथें दारावर खासगी मालकाची पाटी लागली, तेथें मात्र कोनशिला जशीच्या तशी राहिली तरी इमारतीचा अर्थ गेला. ती बांधणाऱ्यांनीं सामान्य माणसाला कांहीं दान दिलें नव्हतें. त्याला क्षुल्लक कामासाठीं चांगल्या जागेंत उभें राहण्याचा हक्क दिला होता. तंगीच्या दिवसांत दिलेला हा हक्क सुबत्तेच्या दिवसांत परवडेनासा व्हावा, याचा जमाखर्च कोणत्या वहींत मांडावा हें मला अद्याप उमगलेलें नाहीं.