आबांची फटफटी

जळगावहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग एरंडोल आणि पारोळा ही गावे मागे टाकीत सुमारे ९५ किलोमीटर धावतो. प्रथम केळीच्या बागा दिसतात आणि पुढे कपाशीची काळीभोर शेते पसरलेली असतात. आज या रस्त्यावर मोटारसायकलींची रीघ लागलेली असते; त्यांच्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. पण एक काळ असा होता, की दिवसाकाठी एखाददुसरीच मोटारसायकल या वाटेने जाई. तिचा आवाज दुरूनच ऐकू येई आणि शेतातील माणसे हातातले काम थांबवून पाहत राहत. त्या आवाजावरूनच लोकांनी तिला 'फटफटी' असे नाव दिले.

अशीच एक फटफटी जळगावातील एका घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली अनेक वर्षे उभी होती. ती होती राजदूत. मोटारसायकलीचा जन्म १८८५ साली जर्मनीत झाला. तेथील डाइमलरच्या पहिल्या गाडीचा सांगाडा चक्क लाकडाचा होता. राजदूतचे घराणे मात्र पोलंड देशातले. तेथील 'एस. एच. एल.' नावाच्या गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्स या भारतीय कंपनीने १९६० नंतरच्या दशकात राजदूत तयार केली. साधी आणि दणकट असल्यामुळे ती खेड्यापाड्यांत लवकरच लोकप्रिय झाली. आता तिचे उत्पादन बंद झाले आहे.

त्या घरातील आबांनी ऐन उमेदीच्या काळात धुळ्याच्या आसपासच्या खेड्यांतून दूध गोळा करून शहरात पोहोचविले, ते याच गाडीवरून. दोहों बाजूंना दुधाचे कॅन अडकवून ते पहाटे पांझरेच्या काठाने निघत. पुढे वय झाले आणि ते मुलाकडे जळगावास राहावयास आले. त्यांच्यामागून गाडीही आली. काही वर्षांनी काचबिंदूने आबांची दृष्टी मंदावली आणि गाडी छपराखाली गेली ती तेथेच राहिली. तिचा काळा रंग उडाला, टाकीला गंज चढला, गादीत चिमण्यांनी काड्या साठविल्या. एके दिवशी भंगारवाला दारात आला आणि त्याने गाडीची किंमत सांगितली. आबा काहीच बोलले नाहीत. ते काठी टेकीत छपराखाली गेले आणि टाकीवरून हात फिरवीत उभे राहिले.

त्यांचा बारा वर्षांचा नातू हे पाहत होता. तो म्हणाला, "आबा, आपण ही गाडी दुरुस्त करू या. तुम्ही सांगा, मी करीन."

उन्हाळ्याच्या सुटीत काम सुरू झाले. पहिला धडा घाई न करण्याचा होता. एकही पाना हाती घेण्यापूर्वी आबांनी नातवाला वही आणावयास सांगितली. जो भाग काढावयाचा, त्याचे आधी चित्र काढावयाचे. त्याचे नट, बोल्ट व वायसर वेगळ्या डबीत ठेवावयाचे आणि डबीवर नाव लिहावयाचे. वडील संध्याकाळी कामावरून आले, की अवघड नट सैल करून देत. आठ दिवसांत गाडीचा नुसता सांगाडा उरला आणि ओसरीवर डब्यांची ओळ लागली.

टाकीच्या आतही गंज होता. नातवाला नवल वाटले; जळगावच्या कोरड्या हवेत बंद टाकीत पाणी आले कोठून? आबा म्हणाले, "टाकी अर्धी रिकामी राहिली, की आत हवा असते. रात्री पत्रा थंड पडला, म्हणजे त्या हवेतील वाफेचे थेंब होतात. गंजाला तेवढेच पुरते." मग वडिलांनी टाकी साबणाच्या पाण्याने अनेकदा धुतली. पेट्रोल संपलेली टाकीही धोक्याची असते. कारण आत राहिलेली वाफ एका ठिणगीने पेट घेते. नंतर टाकीत नदीकाठचे बारीक खडे व थोडे पाणी घालून नातवाने ती तासन् तास हलविली. प्रत्येक वेळी तांबूस पाणी बाहेर पडे. ते नितळ आल्यावर टाकी उन्हात सुकवून आतून तेलाचा हात फिरविला.

एंजिनाचे ॲल्युमिनियमचे कवच घासताना नातवाने विचारले, "आबा, याला गंज कसा नाही?"

"यालाही हवा लागते," आबा म्हणाले, "पण याच्यावर धरणारा थर पातळ आणि घट्ट असतो. तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो खालच्या लोखंडाला झाकीत नाही, उलट खात जातो. शिवाय गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो; म्हणून वरचा रंग फुगून सुटतो. गंजावर कधी रंग टिकत नाही."

रंग कोणता द्यावा, यावर थोडा वाद झाला. नातवाला लाल रंग हवा होता. वडिलांनी नोंदणीचे पुस्तक उघडून दाखविले. त्यात गाडीचा रंग काळा असा लिहिलेला होता. तो बदलावयाचा तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करणे आवश्यक असते. जुन्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरणही तेथेच करावयाचे होते. काळाच रंग ठरला.

रंग देण्यापूर्वी प्रत्येक भाग आधी जाड्या पॉलिशपेपरने व मग पाणी लावून बारीक पॉलिशपेपरने घासावयाचा होता. कागदावरील आकडा जितका मोठा, तितका तो बारीक. खोलगट जागी लांबी भरावयाची, ती पुन्हा घासावयाची आणि मग प्रायमरचा हात द्यावयाचा. मे महिन्याच्या उन्हात हे काम जिवावर येई. मागच्या मडगार्डची पाळी आली, तेव्हा नातू कंटाळला होता. मडगार्डची वरची बाजू त्याने नीट घासली. पण आतल्या बाजूस, जेथे वर्षानुवर्षांचा चिखल बसून गंज धरला होता, तेथे त्याने तसाच प्रायमर फासला. आत कोण पाहणार?

काम संपल्यावर आबांनी मडगार्ड हाती घेतले आणि त्यावरून सावकाश बोटे फिरविली. "आतला गंज काढलास ना?" त्यांनी विचारले.

"हो," नातू म्हणाला.

"बरे," एवढेच आबा बोलले.

जूनच्या आरंभी एका पहाटे वडिलांनी अंगणात पाणी शिंपडून धूळ बसविली आणि भाड्याने आणलेल्या पंपाने सर्व भागांना रंग दिला. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो; म्हणून त्यांनी तीन पातळ हात दिले. सारे भाग आरशासारखे चमकू लागले. मग पाऊस आला, शाळा सुरू झाली. आषाढातल्या एका सायंकाळी नातवाने छपराखाली डोकावून पाहिले. मडगार्डच्या आतल्या बाजूस रंगाला फोड आले होते आणि कडेने गंजाची तांबूस रेघ वर चढू लागली होती.

आबांना ती दिसणार नव्हती. मडगार्ड गाडीला बसविले असते, तर वडिलांनाही कदाचित कळले नसते. त्या रात्री नातू जेवला नाही. सकाळी तो आबांजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "आबा, मी खोटे बोललो. आतला गंज मी काढला नव्हता."

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ते मला त्याच दिवशी बोटांना कळले होते, बाळ. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

नातवाने मडगार्डचा सारा रंग खरवडून काढला. या वेळी त्याने आतली बाजू आधी घासली. स्वच्छ पत्रा लागेपर्यंत त्याला चार रविवार लागले. पाऊस सरल्यावर मडगार्डला पुन्हा रंग मिळाला. वहीतील चित्रे पाहून एकेक भाग जागेवर बसू लागला. प्रत्येक डबी रिकामी झाली. एकही वायसर उरला नाही.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली गेली. या जातीच्या एंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावे लागते. ते माप नातवाने आबांच्या देखरेखीखाली घातले. वडिलांनी किक मारली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा निळसर धूर सोडीत फटफटी बोलू लागली. आबांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला. मग ते वडिलांच्या मागे बसले आणि दोघे धुळ्याच्या रस्त्याकडे निघाले.

नातू दारात उभा राहिला. गाडी चालविण्याचे त्याचे वय अजून झालेले नव्हते. गाडी वळणाआड गेली, तरी तो आवाज त्याला ऐकू येत होता. मागच्या मडगार्डची आतली बाजू रस्त्यावरील कोणालाही दिसत नव्हती. पण ती स्वच्छ आहे, हे त्याला ठाऊक होते.