निमगावच्या कात्रीचं वय

मुलांनो, बारामतीहून इंदापूरच्या एस. टी.त बसलात, की काटेवाडी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे अशी गावं मागं पडतात आणि निमगाव केतकी येतं. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेनं पंढरपूरला जाते आणि निमगावात मुक्काम करते. एरवी हे गाव ओळखलं जातं ते खाऊच्या पानांसाठी. बाहेर रखरखीत ऊन असो, पानमळ्यात शिरलं की कसं गार वाटतं!

पण आज आपण पानमळ्यात नाही जायचं. आज जायचं पेठेतल्या एका शिंप्याच्या दुकानात.

परिसर अभ्यासासाठी मी चौथीची मुलं घेऊन तिथं गेले होते. दुकानदार आजोबा ऐंशीच्या घरातले. मशीनवर त्यांचा मुलगा बसतो. आजोबांनी खणातून एक भलीमोठी, गंजलेली कात्री काढली. म्हणाले, "नातू म्हणतोय भंगारात घाला. पर ही माझ्या आज्याची हाय. इंग्रजाच्या काळातली."

आमच्यातली एक चिमुरडी पटकन म्हणाली, "कशावरून?"

आजोबा हसले. "बघा तुम्हीच!"

जुन्या वस्तूचं वय कसं ओळखायचं? कात्रीचा जन्मदाखला बहुधा तिच्या खिळ्याजवळ, पात्यावर ठोकलेला असतो. आम्ही मऊ फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन हलक्या हातानं गंज पुसला. घासकागद मात्र लावायचा नाही, बरं का! गंजाबरोबर अक्षरंही निघून जातात. मग भिंग धरलं. एकेक इंग्रजी अक्षर दिसू लागलं. वर होतं 'सोलिंगेन' आणि खाली 'वेस्टर्न जर्मनी'.

सोलिंगेन हे जर्मनीतलं वुपर नदीजवळचं गाव. तिथं पूर्वी पाणचक्क्यांवर धार लावायचे दगड फिरत. तलवारी, सुऱ्या, वस्तरे आणि कात्र्या यांसाठी ते शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. तिथल्या पीटर हेंकेल्स नावाच्या कारागिरानं १७३१ साली आपल्या मालासाठी जुळ्या भावांचं चिन्ह नोंदवलं. आपल्याकडे तेव्हा थोरले बाजीराव पेशवे होते! ते चिन्ह आजही चालू आहे. म्हणून चिन्ह सापडलं, की बनवणाऱ्याचा पत्ता लागतो.

आता देशाच्या नावाची गंमत ऐका. काही जर्मन कारागीर आपल्या सुऱ्या-कात्र्यांवर इंग्लंडमधल्या शेफील्डचं नाव ठोकून माल विकत. म्हणून इंग्रजांनी १८८७ साली कायदा केला आणि परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं. लोकांनी जर्मन माल ओळखावा आणि टाळावा, हा हेतू. झालं उलटंच! माल चांगला निघाला आणि 'मेड इन जर्मनी' म्हणजे खात्रीचा माल, असं लोक समजू लागले. पुढं १९३८ साली जर्मनीत सोलिंगेनच्या नावालाही कायद्यानं संरक्षण मिळालं. बाहेरच्या कुणी ते नाव वापरायचं नाही!

आमच्या कात्रीवर नुसतं 'जर्मनी' नव्हतं, 'वेस्टर्न जर्मनी' होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, जर्मनीचे दोन देश झाले, पश्चिम आणि पूर्व. ३ ऑक्टोबर १९९० रोजी ते पुन्हा एक झाले. म्हणजे ही कात्री त्यामधल्या एकेचाळीस वर्षांतली. कारखान्याचं चिन्ह अर्धंच उरलं होतं. कारखाना कळला नाही, पण गाव कळलं आणि काळ कळला.

मी विचारलं, "आजोबा, तुमचे आजोबा कधी वारले?"

"गांधीजी गेले ना, त्याच्या आदल्या साली."

मुलांनी बोटांवर हिशेब केला. गांधीजी गेले १९४८ साली. त्याआधीचं वर्ष १९४७. आणि कात्री १९४९ नंतरची! मुलं माझ्याकडं पाहू लागली. आजोबांना सांगावं की नको? इतकी वर्षं जपलेली समजूत मोडायची कशी? पण विचारलं होतं त्यांनीच. मी सगळं समजावून सांगितलं.

आजोबा बराच वेळ कात्रीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे ही दादांची. माझ्या बापाची. आज्याचं सगळं जपलं आम्ही. दादांची म्हणून एक वस्तू नव्हती माझ्याकडं."

नातवानं कात्री उचलली आणि पुन्हा खणात ठेवली. भंगाराचं नाव कुणी काढलं नाही.

मुलांनो, तुमच्याही घरात एखादा अडकित्ता, वस्तरा, शिलाई मशीन, नाहीतर घड्याळ असेल. मोठ्यांना विचारून ते पुसा, भिंग घ्या आणि अक्षरं वाचा. जे सापडेल ते वहीत लिहा. मग आजी-आजोबांच्या आठवणींशी ते ताडून पाहा. नुसत्या अक्षरांनी काळ कळतो. वस्तू कुणाची होती, ते मात्र माणसांनाच विचारावं लागतं.